योहान १५ : एका द्राक्षबागेचा हंगाम (प्रकल्प नोंदी)

२४ सप्टेंबर : आखणी

नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यातली थॉमसन सीडलेस द्राक्षांची एक बाग फळ छाटणीपासून (घड यावेत म्हणून ऑक्टोबरात होणारी छाटणी) तोडणीपर्यंत ठरलेल्या जागांवरून टिपायची आणि बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला येशू आणि द्राक्षवेलीचा उतारा, योहान १५:१-८, वचनागणिक तिच्याशेजारी ठेवायचा, असे काम आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चच्या सभागृहात चौदा फलक लावायचे आहेत.

निसर्गचित्राखाली वचन छापण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. डोंगरामागे मावळता सूर्य आणि खाली स्तोत्र. त्या जागी दुसरे स्तोत्र घातले तरी चित्र तसेच शोभते, कारण चित्राने वचनातले काहीच दाखवलेले नसते. म्हणून प्रत्येक चित्राला एक कसोटी लावायची. खालचे वचन काढून दुसरे घालून पाहायचे, आणि तेही तितकेच चालत असेल तर चित्र बाद. क्रमही ठरवला आहे : आधी बागेत काय घडते ते वहीत लिहायचे, मग वचन उघडायचे, आणि फलकाचा मजकूर सगळ्यांत शेवटी. उलट क्रमाने गेले की डोळा वचनाला सोयीचे तेवढेच टिपतो.

साहित्य : २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा, १०० मिमी मॅक्रो आणि ३५ मिमी लेन्स, ट्रायपॉड, करडे कार्ड, काळा पुठ्ठा, ओळंबा, लोखंडी सळ्या.

२९ सप्टेंबर : खुंट्या

बाग नऊ बाय पाच फुटांवर, वाय पद्धतीच्या अँगलवर (वेल तारांवर चढवायचा इंग्रजी वाय आकाराचा लोखंडी आधार). सहा ठिकाणी ६० सेंमीच्या सळ्या अर्ध्या जमिनीत ठोकल्या आणि टोकाला लाल रंग दिला. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला ओळंबा लावून तो सळीच्या टोकावर आणायचा. प्रत्येक खुंटीसाठी लेन्स, जमिनीपासून उंची, वेलीपर्यंतचे अंतर आणि फोकस कुठल्या तारेवर, एवढे वहीत लिहिले. आठवड्याने परत आल्यावर अंदाजाने उभे राहिले तर चार बोटांचाही फरक मागची ओळ हलवतो, आणि दोन चित्रे शेजारी ठेवली की बघणाऱ्याचे लक्ष वाढीकडे न जाता त्या हलण्याकडे जाते.

सळ्या ठिबकच्या नळीपासून हातभर लांब ठेवल्या, ट्रॅक्टरची वाट सोडून. पहिल्या खेपेला दोन सळ्या चाकोरीतच ठोकल्या होत्या, त्या उपटून पुन्हा बसवल्या.

३ ऑक्टोबर : कुठले भाषांतर

मराठीत एकाहून अधिक भाषांतरे आहेत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली निघाले. चर्चमध्ये वाचले जाते ते बायबल सोसायटीचे. फलकांवर सगळीकडे हे दुसरेच वापरायचे. एका फलकावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असे केले की वाचणारा शब्दांच्या फरकात अडकतो. आवृत्तीचे नाव पहिल्या फलकावर येईल.

तीन शब्द आत्ताच नोंदवून ठेवले. पहिला ‘माळी’ (वचन १). ग्रीकमधला शब्द जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याचा आहे. मराठीत माळी म्हटले की फुलबाग डोळ्यांपुढे येते, हातात कात्री घेतलेला बागाईतदार येत नाही. दुसरा ‘फाटा’. नाशिकचा शेतकरी फाटा म्हणत नाही, काडी म्हणतो, आणि काडी ज्याच्यावर असते तो ओलांडा, म्हणजे तारेवर आडवी वाढवलेली जाड फांदी. छापील शब्द तसाच ठेवून खाली बारीक अक्षरात बागेतला शब्द द्यायचा. तिसरा ‘साफसूफ करतो’ (वचन २). ग्रीकमध्ये हे क्रियापद आणि वचन ३ मधले ‘शुद्ध’ एकाच धातूचे आहेत. मराठीत साफसूफ आणि शुद्ध यांचे नाते कानाला लागत नाही, त्यामुळे वचन ३ मध्येच विषय बदलला असे वाटते. तो बदललेला नाही. छाटणी करणारी कात्री कुठली हे तिथे सांगितले आहे : येशूने सांगितलेले वचन. ही एक गोष्ट वाचणाऱ्यापर्यंत पोहोचली तरी फलक लावल्याचे चीज होईल.

८ ऑक्टोबर : फळ छाटणी, दिवस ०

टोळी सकाळी सातला बागेत. हातांची चित्रे घेण्याआधी प्रत्येकाला विचारले. चेहरे टाळले, आणि नको म्हणणाऱ्यांच्या ओळीत गेलोच नाही.

हंगामातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच, आणि चित्रात सर्वांत ओका दिसणाराही हाच. पाने आधीच गळवलेली, काड्या सहा-सात डोळे (कळ्या फुटायच्या जागा) ठेवून कापलेल्या, बाकी तारा आणि आभाळ. नेहमीच्या सवयीने कॅमेरा हिरव्याकडे वळतो, म्हणून आजचा नियम असा की कापलेल्या टोकाशिवाय एकही चौकट घ्यायची नाही. ३५ मिमीने ओळ, एफ/८, १/१२५, आयएसओ २००. मॅक्रोने कात्रीचे पाते काडीवर. पाते चकाकते आणि कापलेली पांढरी जागा त्यात जळून जाते. उजेड देणाऱ्या बाजूला पांढरे पातळ कापड धरले आणि एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने खाली आणले (म्हणजे चित्र थोडे गडद केले), तेव्हा लाकडाचे वलय दिसले.

बागेत पाणी दिलेले असले की कापलेल्या टोकातून थेंब गळतात. मागून तिरपा सूर्य, थेंबामागे दीड मीटरवर काळा पुठ्ठा, एक स्टॉप खाली. चित्र सुरेख आले आहे. वहीत त्याला ‘वेलीचे अश्रू’ असे नाव लिहिले गेले होते, ते खोडले. तो थेंब मुळांच्या दाबाने वर चढलेल्या पाण्याचा आहे. वचन २ मध्ये वेलीच्या वेदनेविषयी एक अक्षर नाही, तिथे हेतू सांगितला आहे : अधिक फळ यावे म्हणून. दुःखात असलेल्या माणसाला हे चित्र दाखवून ‘देव तुला छाटतो आहे’ असे म्हणायला फार थोडे शब्द लागतात, आणि वचनात नसलेला भार त्याच्या डोक्यावर जातो. चित्र राहील, त्याखाली मुळांचा दाब लिहिला जाईल.

कॅलेंडरची नोंद : इस्राएलमध्ये वेल हिवाळ्यात पूर्ण झोपते, छाटणी तेव्हाच होते आणि द्राक्षे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. नाशिकच्या हवेत वेल तशी झोपत नाही, म्हणून इथे दोन छाटण्या : एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते, आणि ही ऑक्टोबरच्या आसपासची, तिच्यातून घड. पहिल्या फलकावर हा फरक स्पष्ट लिहायचा, नाहीतर योहानाच्या वेळची बाग अशीच होती असा समज होईल.

८ ऑक्टोबर, दुपार : दोन काड्या

वचन ४ साठी (फाटा वेलीत राहिल्याशिवाय त्याला आपल्याआपण फळ देता येत नाही) प्रयोग मांडला. खुंटी ३ समोर एकाच तारेवर दोन काड्या बांधल्या, जाडी आणि डोळ्यांची संख्या सारखी. डावी ओलांड्यावर आहे तशी. उजवी आजच कापलेली, नुसती सुतळीने बांधलेली. दोन्ही एकाच चौकटीत, एकाच उजेडात. १०० मिमी, एफ/११, रोज सकाळी ७:१५.

९ ऑक्टोबर

डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाईड लावले. लावलेले कळावे म्हणून द्रावणात रंग मिसळला होता, तो चित्रात दिसतो. पुसायचा नाही आणि संगणकावर काढायचाही नाही. हे औषध विषारी आहे, त्यामुळे लावत असताना आणि ओले असताना बागेत जायचे नाही, काड्यांना हात लावायचा नाही. आजची ७:१५ची चौकट औषधाआधी घेतली. उद्याची सोडली.

१५ ऑक्टोबर : दिवस ७

सात दिवस झाले तरी दोन्ही काड्या सारख्याच दिसतात. तपकिरी, ताठ, डोळे मिटलेले. चित्र अनोळखी माणसापुढे ठेवले तर तुटलेली काडी कुठली ते त्याला ओळखता येणार नाही. प्रकल्पात आतापर्यंत हाती लागलेले सर्वांत मोलाचे चित्र हे आहे, आणि आधी वचन उघडून बसलो असतो तर ते घेतलेच नसते. तेव्हा सुकलेल्या काडीचीच वाट पाहिली असती.

योहान १५:४-१० मध्ये ‘राहणे’ हे ग्रीक क्रियापद दहा वेळा येते. काडी हलत नाही, काही करताना दिसत नाही, आणि तरी राहणे चालू असते. न राहणेही तितकेच गुपचूप चालू असते.

१९ ऑक्टोबर : दिवस ११

डावीकडचे डोळे फुगून पोंगे (उमलायला आलेले कोंब) आले, टोकाला गुलाबी-पांढरी लव. उजवीकडे एक डोळा किंचित फुगलेला! हे नोंदवणे भाग आहे. कापलेल्या काडीत साठवलेले अन्न असते, त्यावर डोळा काही काळ हलतो. छाट कलमे लावतात ती याच बळावर. त्याच दिवशी कापलेली एक जादा काडी बादलीत पाण्यात उभी राहिली होती, तिला तर चक्क पोंगा आला आहे. प्रयोगाची काडी जमिनीत किंवा पाण्यात अजिबात नको. तारेवर कोरडीच हवी, नाहीतर महिन्याभरात मुळे धरेल आणि फलक उलटेच सांगेल.

पोंग्याची जवळून चित्रे : १:१ मोठेपणावर एफ/११ ला जेमतेम एक मिलिमीटर खोली फोकसमध्ये येते आणि पोंगा त्याहून जाड. एफ/२२ ला खोली वाढते, पण सगळेच मऊ होते. अर्ध्या मिलिमीटरच्या पायऱ्यांनी दहा चौकटी घेऊन जोडल्या. पहिले तीन संच वाया गेले. वारा नव्हता, पण दोन ओळी पलीकडे फवारणीचा ब्लोअर चालू होता आणि तारेतून थरथर येत होती. ब्लोअर थांबल्यावर चौथा संच नीट आला.

२४ ऑक्टोबर : दिवस १६

डावीकडे तीन-चार पाने उलगडली. उजवीकडचा फुगलेला डोळा वाळून काळा पडला, साल सुरकुतली. चार चौकटी निवडल्या : दिवस ०, ७, ११, १६. चारही फलकावर सलग, दिवस ११ सकट. तो वगळला असता तर गोष्ट सरळ झाली असती, खरी राहिली नसती. जुन्या साठ्यावर थोडे दिवस हिरवळ येते, हे चर्चच्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाने पाहावे असे चित्र आहे.

२७ ऑक्टोबर : छाटलेल्या काड्या

बांधावर काड्यांचा ढीग. वचन ६ मध्ये फाटे गोळा करून अग्नीत टाकतात. यहेज्केल १५ मध्ये हेच आणखी कठोर आहे : द्राक्षवेलीच्या लाकडाची भांडे टांगायला खुंटीसुद्धा होत नाही. खात्रीसाठी जाड काडी घेऊन पाहिली. पोकळसर गाभा, वाकडी, वाळली की तडकते. तिचा उभा काप मॅक्रोने घेतला.

पण या बागेत काड्या जाळत नाहीत, तुकडे करून ओळीत आच्छादन घालतात. आगीच्या चित्रासाठी मुद्दाम पेटवून घ्यायचे की नाही यावर बराच वेळ गेला. ठरले ते असे : पेटवायचे नाही. ढीग जसा आहे तसा, आणि खाली ‘इथे आच्छादन करतात, वचनात अग्नी आहे’. वचनाची धार बोथट करायची नाही आणि बागेच्या तोंडी खोटेही घालायचे नाही.

वचन २ मधले ‘काढून टाकतो’ हे क्रियापद ‘उचलतो’ असेही वाचता येते, म्हणजे जमिनीवर लोळणारी काडी उचलून बांधतो, असे काही जण शिकवतात. तारेवर बांधलेल्या काडीचे देखणे चित्र तयार आहे आणि मोह पडतो. पण चार ओळींनी वचन ६ मध्ये बाहेर टाकणे स्पष्ट आहे. मराठी बायबलातही ‘काढून टाकतो’. त्या अर्थावर फलक नाही.

२ नोव्हेंबर : कलमाचा सांधा

खोडाजवळ डॉगरिज खुंट (मुळांसाठी लावलेली रानटी द्राक्षजात) आणि वर थॉमसन, मध्ये पाचर कलमाची गाठ. बाजूने उजेड टाकला की दोन सालींचा फरक उठून दिसतो. रोमकरांस ११:१७ ला शोभेल असे वाटते, पण तिथे रानटी जैतुनाची फांदी बागेतल्या झाडावर लावली आहे. इथे मूळ रानटी जातीचे आणि वरची फांदी लागवडीची. बरोबर उलट. पौल स्वतःच ११:२४ मध्ये आपले उदाहरण निसर्गक्रमाविरुद्ध असल्याचे सांगतो, तेव्हा दिशा इथे महत्त्वाची आहे. फलक होईल, पण ‘पौलाच्या उदाहरणाच्या उलट’ हे शब्द ठळक.

१५ नोव्हेंबर : दिवस ३८, फुलोरा

पाकळ्यांची हिरवी टोपी गळते आणि केसर उघडे पडतात, एवढेच फूल. उताऱ्यात फुलोरा नाही. फलक नाही, चित्रे जपून ठेवली.

२० नोव्हेंबर : गहू

योहान १२:२४ चा जोडफलक. एका बाजूला काच असलेल्या लाकडी पेटीत गहू ४ सेंमी खोल, काचेला चिकटून पेरला. काच वरच्या टोकाने पुढे झुकवलेली, म्हणजे सरळ खाली जाणारी मुळे काचेलाच लागतात. मुळांवर उजेड पडला की ती आत वळतात आणि काचेवर शेवाळ धरते, म्हणून चित्राची वेळ सोडून काळा कागद. काचेतली प्रतिबिंबे पोलरायझर (चकाकी अडवणारा फिल्टर) लावून, अगदी समोरच्या दिशेपासून सुमारे ५५ अंश तिरके पाहिले की जातात; समोरून जात नाहीत. पाणी काचेच्या कडेने घातले तर माती उतरून दाणा झाकला जातो, ते मागच्या बाजूने घालायचे.

२८ नोव्हेंबर : दिवस ५१, विरळणी

घडातले मणी कात्रीने काढले. खाली काळ्या मातीवर हिरव्या मण्यांचा सडा. वचन २ चा दुसरा भाग इथे ऑक्टोबरपेक्षाही स्पष्ट दिसतो, कारण कात्री फळ देणाऱ्या काडीच्या फळालाच लागते. यशया १८:५ मध्ये फुलोरा संपून द्राक्ष धरल्यावर फाटे छाटण्याचा उल्लेख आहे, म्हणजे मधल्या हंगामातली कात्री त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होती. तिथे ते न्यायाचे चित्र आहे, म्हणून फलकावर संदर्भ फक्त पद्धतीपुरता.

तंत्र : मांडवाखाली सगळ्यावर हिरवी झाक येते, आणि कॅमेऱ्याचे आपोआप व्हाइट बॅलन्स ती घालवताना मातीला जांभळी करते. करडे कार्ड मातीवर सपाट ठेवून त्यावरून बॅलन्स घेतले.

४ डिसेंबर : गहू, दिवस १४

पेरलेला दाणा चिमटीत दाबला तर पोकळ साल. आतला पिठूळ भाग कोंबाने संपवला. वरती दोन पाने. वचनातला ‘मेला’ हा शब्द वनस्पतिशास्त्राच्या तक्रारीशिवाय इथे ठेवता येतो : जो दाणा पेरला तो आता दाणा म्हणून उरलेला नाही. पेटीतले रोप कणसापर्यंत नेण्याइतकी माती नाही, म्हणून त्याच दिवशी शेतात पेरलेल्या ओळीवर खुंटी ठोकली.

१ जानेवारी : दिवस ८५

मण्यांत पाणी उतरायला लागले. कडक मणी मऊ आणि पारदर्शक होऊ लागतात. मागून उजेड घेतला की आत बियांच्या पुसट खुणा आणि सालीखालच्या शिरा दिसतात. थंडी वाढली तर काही मणी गुलाबी पडतात, बाजारात त्यांना भाव नाही. सकाळच्या सोनेरी उन्हात हे गुलाबी मणी फार गोड दिसतात. बघणारा शेतकरी असेल तर त्याला चित्रात आधी नुकसान दिसेल. चित्र घेतले नाही.

१० फेब्रुवारी : दिवस १२५, तोडणी

रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचे यंत्र) गोडी १८ ब्रिक्स. खुंटी ३ वरची काडी : दोन घड. उजवीकडे सुतळी अजून आहे, काडी बोटाने मोडते.

घडाचे चित्र सोपे म्हणून सर्वांत जास्त वाया जाते. मण्यांवरची पांढरी भुकटीसारखी झाक बोट लागताच पुसली जाते आणि मग मणी मेणाचे वाटतात. देठाला धरून, न वळवता, झाडावरच घ्यायचे. पाणी शिंपडून ताजेपणा आणायचा नाही.

२० फेब्रुवारी : छपाई

आकार १२ × १८ इंच. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० × ५४०० पिक्सेल, म्हणजे २४ मेगापिक्सेलची पूर्ण चौकट पुरते. फार कापलेली पुरत नाही. दोन चित्रे त्यामुळे ८ × १२ वर आणली. चकचकीत कागदावर सभागृहातल्या नळीच्या दिव्यांचे पट्टे उमटतात, म्हणून मॅट. मॅटवर सावल्या बुडतात, त्या छपाईआधी थोड्या उचलल्या. आधी एकच चाचणीप्रत, ती सभागृहातच नेऊन पाहायची. मागे ५ मिमी फोमबोर्ड.

मजकुराने मात्र फोटोंपेक्षा जास्त दिवस घेतले. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेताना ‘तुमच्या’ आणि ‘दुसऱ्या’ मधली जोडाक्षरे फुटली, आणि छापखान्याच्या संगणकावर ‘ऱ्या’ चा ‘र्या’ झाला. उपाय : मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करायचा, फाँट आत घातलेली पीडीएफ पाठवायची, आणि छापील प्रत बायबल उघडून दोघांनी मोठ्याने वाचायची. एकाने वाचले तर पाठ असलेले वचन डोळा आपोआप दुरुस्त करतो. वचन २४ पॉइंट, बागेतला शब्द आणि टीप १६ पॉइंट, याहून लहान नाही. वयस्क मंडळी फलकाला नाक लावून वाचणार नाहीत.

६ मार्च : मांडणी

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमी. मुलांसाठी गव्हाची पेटी खाली, टेबलावर. क्रम वचनांचा, ऋतूंचा नाही, फक्त दोन काड्यांचा फलक दाराजवळ. त्याच्या पहिल्या दोन चौकटींखाली काहीच लिहिले नाही. ‘डावी’, ‘उजवी’ एवढेही नाही. माणूस तिथे थांबून शोधू लागला की तिसरी चौकट बघायला स्वतःच पुढे सरकतो.

२४ मार्च : गहू, शेतातला

खुंटीजवळचे एक रोप मुळासकट उपटले : पाच फुटवे, पाच ओंब्या. दाणे मोजून पांढऱ्या कागदावर मांडले आणि शेजारी पेटीतली ती पोकळ साल ठेवली. वरून चित्र, एफ/८, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड. जोडफलक आज पूर्ण झाला, रविवारी लागेल.

५ एप्रिल : खरड छाटणी

ओलांड्यावर एक-एक डोळा ठेवून बाकी सगळी काडी काढली. दोन घड दिलेली खुंटी ३ वरची काडीही गेली. खुंट्या उपटल्या नाहीत. बांधलेली वाळकी काडी सोडवली, सुतळी नवी आणायची आहे. पुढची चौकट ७:१५ ला.